चारशे मीटर लांबीची घळ

२२ जुलै २०२१ ला सावित्री महाडच्या पेठेत शिरली आणि आमच्या जुन्या घराचा तळमजला पार भरून गेली. पाणी ओसरल्यावर मागे जे राहिलं ते आधी फावड्यानं, मग खराट्यानं आणि शेवटी हातानं काढावं लागलं. धान्याच्या कोठ्या, गाद्या, टीव्ही, फोटोंचे अल्बम, सगळं एकाच रंगाचं झालं होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी जिन्याखालच्या कपाटातून पुठ्ठ्याचा एक चौकोनी लगदा निघाला. त्याच्या पोटात काळी, वाटोळी, एक फूट व्यासाची तबकडी.

"मामा, हे गेलंच की," मदतीला पोलादपूरहून आलेली भाची म्हणाली.

मी तबकडी नळाखाली धरली. भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, धोतराचं मऊ फडकं आणि तिच्या रेघांच्या दिशेनं वाटोळं फिरणारा हात. काळा रंग चमकायला लागला. मधल्या कागदाचा रंग उडाला होता, पण नाव लागत होतं. शिवकल्याण राजा. आप्पाकाकांनी घेतलेली ती रेकॉर्ड. काका जाऊन बरीच वर्षं झाली, आणि वाजवायचं यंत्र तर पुराच्याही आधी भंगारात गेलेलं. तबकडी वाळवून ठेवली. दिवाळीनंतर एका मित्राकडचा प्लेअर आणला, सुई टेकवली. कुडकुड, कट्, कुडकुड, आणि त्या कुडकुडीतून लताबाई.

भाचीचं तोंड उघडंच राहिलं. तिच्या मोबाइलमध्ये तेव्हा पाच जपानी मुलांचं राज्य होतं. त्या गटाचं नाव अराशी, म्हणजे वादळ. १९९९ साली जमलेल्या या पाच जणांनी ३१ डिसेंबर २०२० ला काम थांबवलं, म्हणून बाईसाहेब वर्षभर सुतकात होत्या. पूर आला तेव्हा त्यांचा मोबाइल दोन मिनिटं पाण्यात पडला आणि कायमचा मुका झाला. आणि ही पन्नाशीला टेकलेली चकती गाळात पाच दिवस झोपून उठली नि गायला लागली. तिनं तबकडी उजेडाला धरली, तिरकी केली, बोटानं चाचपली.

"पण याच्यात गाणं नक्की असतं कुठे?"

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर. मी तेव्हा फक्त "घळीत" एवढंच म्हणालो होतो.

महाड तालुक्यात घळ म्हटलं की एकच आठवते. वरंध घाटाच्या कुशीतली शिवथरघळ. समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरवून घेतला तो इथे, अशी परंपरा आहे. धुळ्याचे समर्थभक्त शंकर श्रीकृष्ण देव यांनी १९३० मध्ये ही जागा शोधून लोकांसमोर आणली. श्रावणात तिथे गेलेल्याला एक शंका हमखास येते. घळीच्या तोंडावरून धबधबा कोसळत असतो, शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं. मग कल्याणस्वामींना ऐकू कसं येत होतं? धबधब्याच्या आवाजात सगळ्या उंचीचे स्वर एकाच वेळी असतात, म्हणून तो कुठल्याही बोलण्यावर पांघरूण घालतो. आजच्या ध्वनिमुद्रकाला असली जागा दिली तर तो हात जोडून परत जाईल. स्टुडिओ बांधताना पहिला खर्च होतो तो बाहेरचा असा आवाज अडवण्यावर.

तबकडीवरची घळ याहून बारीक. तिची रुंदी मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढी, म्हणजे डोक्याच्या केसाहून थोडी कमी. आडवी कापली तर इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखी, दोन उतरत्या भिंती आणि तळ. वरून पाहताना तबकडीवर शेकडो वर्तुळं आहेत असं वाटतं, ते खोटं. एका बाजूला घळ एकच असते. काठापासून सुरू होऊन गोल गोल आत येत मध्यापाशी संपणारी. मोजायला सोपं आहे. ही तबकडी तीन मिनिटांत बरोबर शंभर वेढे घेते. वीस मिनिटांची बाजू असेल तर साडेसहाशेच्या वर वेढे झाले. एका वेढ्याची सरासरी लांबी दोन फुटांच्या आसपास. गुणाकार केला की चारशे मीटरांच्या वर जातो. पायथ्यापासून रायगडाची चढण उभी मोजली तरी साधारण तेवढीच भरते. गड चढायला आम्हाला दीड तास लागतो. सुई वीस मिनिटांत पोहोचते, आणि वाटेत गातही असते.

गाते कशी? घळीच्या भिंती सरळ नसतात. त्या नागमोडी असतात. गाणारीच्या गळ्यातून हवा जशी थरथरली, तशाच त्या डावी-उजवीकडे वळलेल्या असतात. सेकंदाला चारशे वेळा थरथरणारा स्वर असेल तर सुईखालून सेकंदाला चारशे वळणं सरकतात. सुई त्या वळणांवर हलते, हलण्याची वीज होते, वीज मोठी करून कर्ण्याच्या पडद्याला दिली की तो पडदा हवेला तशाच ढुशा देतो. म्हणजे तबकडीत गाणं साठवलेलं नसतं, गाण्याचा आकार खोदलेला असतो. डोंगरात पाण्यानं घळ कोरावी तसा.

स्टिरिओ तबकडीतली करामत याच्याही पुढची. घळीच्या दोन्ही भिंती एकमेकींशी काटकोनात असतात आणि प्रत्येक भिंतीवर वेगळा आवाज लिहिलेला असतो. आतली भिंत डाव्या कानाची, बाहेरची उजव्या कानाची. एकच सुई दोन्ही भिंतींना एकदम घासत जाते आणि दोघींचं ऐकून घेते. अशी सून कुठल्या घरात मिळते?

आता शिवकल्याण राजाकडे. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. त्याला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, हा ध्वनिमुद्रित संच निघाला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, गाणं लताबाईंचं, आणि गाण्यांना जोडणारं निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांच्या आवाजात. हृदयनाथ तेव्हा छत्तीस वर्षांचे होते. शीर्षकाचे शब्द समर्थांनी शिवरायांना लिहिलेल्या प्रसिद्ध पद्यपत्रातले.

कुठल्याही अल्बमच्या पाठीवर गीतकारांची नावं असतात. इथली यादी जरा नीट बघा. समर्थ रामदास, सतरावं शतक. कवी भूषण, तेही सतराव्या शतकातले, पण ब्रज भाषेतले, उत्तरेतून आलेले. गोविंदाग्रज, म्हणजे राम गणेश गडकरी, १९१९ साली गेलेले. त्यांचं अंगाईगीत आहे, जिजाऊंनी बाळ शिवबासाठी म्हटलेलं. सावरकर, १९६६ साली गेलेले. आणि कुसुमाग्रज, त्या वर्षी नाशकात हयात. तीनशे वर्षांच्या अंतरावर बसलेले गीतकार एका तबकडीवर एकत्र आले. कराराच्या कागदावर यांच्या सह्या कशा घेतल्या असत्या, याचा मी उगाचच विचार करत बसतो.

आमच्या तालुक्याच्या बाजूनं बघितलं तर आणखी गंमत. ज्याच्यावर गाणी, त्याचा गड महाड तालुक्यात. ज्याचे शब्द, त्याची घळ महाड तालुक्यात. गडापासून घळ काही फार लांब नाही. पण दोन्हींतून निघालेले शब्द एकमेकांना भेटायला मुंबईच्या स्टुडिओत गेले, आणि तबकडी होऊन घाट न चढता, एसटीनं, पेठेत परत आले.

यात एक कठीण काम होतं, ते ऐकणाऱ्याच्या लक्षात येत नाही. इथे सगळे शब्द आधी होते, चाल नंतर आली. ओवी स्वतःच्या चालीनं चालते, भूषणाचं कवित्त धाडधाड घोड्यासारखं दौडतं, कुसुमाग्रजांची कविता पुस्तकात वाचायची म्हणून लिहिलेली. यातला एकही कवी तीन-चार मिनिटांच्या हिशेबानं लिहीत नव्हता. संगीतकाराला शब्दांना धक्का न लावता त्यांच्या आत दडलेली लय शोधावी लागते. कुठलं अक्षर लांबवलं तर अर्थ मोडत नाही, कुठे श्वास घ्यायला जागा आहे, हे बघावं लागतं. माझं मत विचाराल तर हृदयनाथांची खरी कमाई इथे आहे. त्यांच्या चाली गायला अवघड म्हणून प्रसिद्ध, पण शब्द ऐकू येत नाही अशी तक्रार कोणी करत नाही.

भाचीच्या अराशीचं उलटं. जपानी मुलांच्या गटांची कितीतरी गाणी जपानात जन्मतच नाहीत. चाल स्वीडनमधल्या एखाद्या संगीतकारानं केलेली असते, तीही बऱ्याचदा कामचलाऊ इंग्रजी शब्दांवर. कंपनी अशा ढीगभर चालींतून एक निवडते, मग जपानी गीतकार तिच्यावर मोजून मापून जपानी शब्द बसवतो. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती चिडली. मी म्हटलं, अगं, चिडतेस काय, तुझे काका तेच करतात.

तिचे काका पोलादपूरच्या एका वाडीतल्या बाल्या नाचाच्या मंडळात शाहीर आहेत. बाल्या नाच किंवा जाखडी माहीत नसलेल्यांसाठी दोन शब्द. गौरी-गणपतीत चाकरमानी गावी आले की वाडीवाडीत हा नाच रंगतो. आठ-दहा पोरं गोल करतात, पायात चाळ बांधतात, मध्ये ढोलकी, झांज आणि गाणारा शाहीर. पोरं फिरत फिरत पावलं टाकतात, कमरेत वाकतात, उसळतात आणि शाहिराची ओळ उचलून धरतात. दोन मंडळं समोरासमोर आली की शक्ती-तुऱ्याचा सामना लागतो. एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा, आणि सवाल-जवाबात रात्र जाते. वर्षाचे अकरा महिने यातली बरीचशी पोरं मुंबईत नोकरीला असतात. तालमी तिथेच, गावकीच्या खोलीत. वेश ठरलेला, हालचाली ठरलेल्या, पुढे कोण मागे कोण ठरलेलं. आणि शाहीर काय करतो? त्या वर्षी गाजलेली चाल उचलतो आणि तिच्यावर महादेवाचे नाहीतर महागाईचे शब्द बसवतो. स्वीडनची चाल आणि तोक्योचे शब्द, यापेक्षा यात निराळं ते काय?

एका रंगाच्या कपड्यांतली, एका पावलानं नाचणारी, एका आवाजात गाणारी तरुण पोरं. जपान्यांनी ही कल्पना काढली असं समजणाऱ्यांनी भाद्रपदात एकदा पोलादपूरला यावं.

एका आवाजात गाणं, यातही एक कोडं आहे. दहा जण मिळून गायले तर आवाज दहापट मोठा वाटायला हवा ना? वाटत नाही. दहा गळ्यांतून दहापट शक्ती बाहेर पडते, हे खरं. पण आपला कान कंजूष आहे. शक्ती दहापट झाली की त्याला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. मग शाहिरामागे ओळ उचलणारे झीलकरी हवेत कशाला? कारण ते आवाज मोठा करायला नसतातच, जाड करायला असतात. कोणाही दोघांचा सूर केसभरानं चुकतोच. एकाचा गळा सेकंदाला दोनशेवीस वेळा थरथरला आणि दुसऱ्याचा दोनशेएकवीस, तर दोन्ही लहरी सेकंदातून एकदा एकमेकींना साथ देतात आणि एकदा काटतात. आवाज हलके हलके लाटेसारखा वरखाली होतो. दहा जणांत अशा कितीतरी जोड्या, प्रत्येकीची लाट वेगळी. त्या सगळ्यांचं मिळून जे चमचमणं होतं ते आपल्याला 'भरदार' वाटतं. सगळे अगदी अचूक एका सुरात गायले असते तर तो एकाच माणसाचा मोठा आवाज झाला असता. झील गोड लागते ती तिच्यातल्या बारीक चुकांमुळे.

स्टुडिओवाल्यांना हे गुपित माहीत आहे. म्हणून एकट्या गायकालाही ते एकच ओळ दोनदा, तीनदा गायला लावतात आणि एकावर एक चढवतात. तो माणूस स्वतःचाच झीलकरी होतो. हल्लीच्या मुलांच्या गटात पाच जण असतात, प्रत्येकजण काचेच्या खोलीत एकटा उभा राहून कानाला हेडफोन लावून गातो, आणि एकेका ओळीचे दहा-दहा प्रयत्न साठवले जातात. नंतर तंत्रज्ञ त्यातून वेचतो. या प्रयत्नातला पहिला शब्द, त्या प्रयत्नातला दुसरा. आपण ऐकतो ते वाक्य त्या मुलानं सलग कधी म्हटलेलंच नसतं. मला हे कळलं तेव्हा पाच मिनिटं वाईट वाटलं. मग आठवलं, गोधडी अशीच शिवतात.

१९७४ च्या मुंबईत ही चैन नव्हती. बहुतेक वेळा वादक, वृंद आणि गायिका एकाच वेळी, एकाच दालनात. चाळीस व्हायोलिनांपैकी एक घसरलं तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. आवाज उतरायचा तो फितीवर. फीत म्हणजे प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर लोखंडाच्या ऑक्साइडचा थर. म्हणजे जवळजवळ गंजच. पावसाळ्यात आमच्या खिडकीच्या गजांवर येतो, त्याचाच भाऊबंद. पोलादपूर नाव लावणाऱ्या गावाला तरी याचा अभिमान वाटावा. गाताना त्या गंजाचे कण लहान लहान चुंबक होऊन एका क्रमात बसतात आणि गाणं तिथे राहतं. फीत सेकंदाला पंधरा इंच या वेगानं पळत असे. एखादी जागा वगळायची तर ती दाढीच्या पात्यानं तिरकी कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीनं जोडायची. दीड सेकंदाची शांतता म्हणजे हातभर फीत.

फितीवरून तबकडी करायची ती वाट मला फार आवडते. ॲल्युमिनियमच्या चकतीवर लाखेसारखा मऊ थर दिलेला असतो. तापवलेली नीलमणी सुई त्या थरात घळ कोरत जाते. मग या चकतीवर चांदीचा अतिशय पातळ मुलामा, त्याच्यावर विजेच्या साहाय्यानं निकेलचा जाड थर. तो सोलून काढला की उलटा साचा मिळतो. घळीच्या जागी कडा, दरीच्या जागी डोंगर. या पहिल्या साच्याला कारखान्यात 'बाप' म्हणतात. त्याच्यावरून सुलटी 'आई' काढतात, आणि आईवरून छापायचे साचे. दोन साच्यांच्या मध्ये प्लॅस्टिकचा गरम गोळा ठेवायचा, वर-खाली लेबलाचे कागद, आणि टनावारी दाब द्यायचा. अर्ध्या मिनिटात भाकरी तयार. लेबल डिंकानं चिकटवलेलं नसतं, ते त्या दाबात प्लॅस्टिकशी एकजीव झालेलं असतं. आप्पाकाकांच्या रेकॉर्डचं लेबल पुरात टिकलं त्याचं कारण हेच.

भारतात हे काम करणारा एचएमव्हीचा मोठा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता, १९२८ पासूनचा. त्याआधी १९०८ पासून सियालदहला. आणि त्याच्याही आधी, १९०२ साली गाइसबर्ग नावाचा माणूस यंत्रं घेऊन पहिल्यांदा कलकत्त्याला आला, तेव्हा गाणं इथे मुद्रित व्हायचं पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगारांना बाई कोण आणि गाणं कोणतं हे कळावं म्हणून गायिका गौहरजान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव पुकारायची. शंभर वर्षांनी आपण ते तिचा ठसका म्हणून ऐकतो. मुळात तो पार्सलवरचा पत्ता होता.

त्या जुन्या, ७८ वेढ्यांच्या रेकॉर्डी प्लॅस्टिकच्या नव्हत्या. त्या लाखेच्या. लाख म्हणजे पळस, बोर, कोशिंब अशा झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्यांनी अंगाभोवती केलेलं कवच. यांतली झाडं आमच्या रानात पण आहेत, लाखेचा धंदा मात्र छोटा नागपूरकडचा. जगभरचं संगीत अर्धं शतक भारतातल्या एका किड्याच्या घामावर वाजत होतं. अशा रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारा पोवाडा त्यात बसवायचा म्हणजे अफझलखान शामियान्यात शिरेपर्यंत बाजू उलटायची वेळ यायची. लांबलचक रचना असेल तर चार-पाच रेकॉर्डी घ्याव्या लागत. मग दुकानदार त्या एका जाड पुस्तकात घालून विकू लागले, प्रत्येक पान म्हणजे एक खिसा. दिसायला हुबेहूब फोटोंच्या अल्बमसारखं. म्हणून गाण्यांच्या संचाला अल्बम म्हणू लागले. १९४८ मध्ये लांब वाजणारी तबकडी आली, पुस्तकाची गरज संपली, नाव राहिलं. भाचीच्या मोबाइलमध्ये ना पान आहे ना खिसा, पण ती अजून अल्बमच म्हणते.

गाण्यांचा क्रम संगीतकार मनानं लावतो असं आपल्याला वाटतं. अर्धा क्रम घळ लावते. काठापाशी एक वेढा जवळजवळ तीन फुटांचा, मध्यापाशी सव्वा फुटाचाही नाही. वेळ दोन्हीकडे तेवढाच. म्हणजे आत जावं तसं तेवढंच गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीनं लिहावं लागतं. झांजेचा, तुतारीचा तीक्ष्ण आवाज तिथे भरडतो. ढोल-नगाऱ्याच्या खालच्या आवाजाची अडचण वेगळी. त्याची वळणं एवढी रुंद की दोन वेढ्यांमधलं अंतर वाढवावं लागतं, आणि अंतर वाढलं की बाजूची मिनिटं कमी होतात. म्हणून कोरताना खालचा आवाज मुद्दाम दाबतात, वरचा चढवतात, आणि वाजवणारं यंत्र ते बरोबर उलटं करून देतं. एकूण काय, रणवाद्यांचा गजर हवा असेल तर तो काठाशी, अंगाई मध्याजवळ. शूरांनी तटावर राहावं आणि बाळानं आतल्या खोलीत झोपावं, असा गडाचाच नियम झाला की हा.

गडाचा विषय निघालाच आहे तर नगारखान्याबद्दल सांगायलाच हवं. रायगडाची राजसभा २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद. सिंहासनाच्या समोर, दुसऱ्या टोकाला नगारखान्याचं उंच दार. गाईड एका माणसाला तिथे उभं करतो आणि कागद फाडायला, काडी ओढायला लावतो. सिंहासनाच्या चौथऱ्यापाशी उभं राहिलेल्याला ते ऐकू येतं. मी लहानपणी हे अनुभवलं आणि कित्येक वर्षं चमत्कार मानत होतो. उघड्या माळावर अंतर दुप्पट झालं की आवाजाची शक्ती चौथाई उरते. त्या हिशेबानं कागदाची टरटर वाटेतच विरायला हवी. पण दगडी भिंती आणि फरसबंदी आवाज पिऊन टाकत नाहीत, परतवतात. थेट आलेला आवाज आणि भिंतींवरून आलेले त्याचे भाऊ एकमेकांच्या इतके मागोमाग पोहोचतात की कान त्यांना एकच समजतो. दारापासून सिंहासनापर्यंतचं अंतर कापायला आवाजाला सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. राज्याभिषेकाला हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच दारापाशी हत्ती बघून चक्रावला होता, हे इतक्या उंचीवर आणले कसे म्हणून. त्याचे कान डोळ्यांएवढे जागे असते तर त्यानं हेही लिहून ठेवलं असतं. ना माइक, ना फीत, ना तबकडी, नुसत्या दगडानं केलेली ध्वनिव्यवस्था.

प्रकाशनाचं काय? भाचीला त्यातच जास्त रस. जपानात नवी सीडी बहुधा बुधवारी निघते, आणि खरे भक्त ती मंगळवारी दुकानात मांडली जात असतानाच उचलतात. त्यालाही त्यांच्याकडे शब्द आहे, फुरागे. एकच अल्बम दोन-तीन रूपांत येतो. पहिल्या मर्यादित आवृत्तीत सोबत व्हिडिओची चकती, साध्या आवृत्तीत एखादं जादा गाणं, मुखपृष्ठ दरवेळी वेगळं. ज्याला सगळं हवं तो तीनदा विकत घेतो. सगळं जग गाणी फुकट ऐकायला लागलं तेव्हाही जपानी माणूस दुकानातून प्लॅस्टिकची चकती आणत होता. अराशीनं जून २०१९ मध्ये आपल्या वीस वर्षांच्या गाण्यांचा निवडक संच काढला. त्या वर्षी सबंध जगात सर्वांत जास्त खपलेला अल्बम तोच ठरला, ३३ लाख प्रती. त्या प्रत्येक चकतीतही घळच आहे, फक्त तिच्यात खड्डे आहेत, मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढे रुंद. सगळी घळ उलगडली तर पाच किलोमीटरांच्या वर जाते. सुईऐवजी प्रकाशाचा ठिपका, आणि तो मध्यापासून काठाकडे जातो. म्हणजे गड उतरतो.

पोलादपूरच्या मंडळाचा अल्बम याहून कमी गाजावाजात निघतो. पूर्वी कॅसेट यायची, एका बाजूला गण आणि गवळण, दुसऱ्या बाजूला सवाल-जवाब. गणपतीला निघालेल्या गाड्यांमधून ती मुंबईहून गावात पोहोचायची, आणि टेप अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. आता मंडळी तासाच्या भाड्यानं स्टुडिओ घेतात, आवाज दुपारी, चित्रीकरण गावी आल्यावर ओढ्याकाठी, आणि चतुर्थीच्या आत यूट्यूबवर. मागच्या खेपेला काकांनी भाचीला विचारलं, तुमच्या त्या जपान्यांसारखं शेवटी दोनदा आवाज चढवायचा कसा? तिनं त्यांना एकाच ओळीचे तीन प्रयत्न एकावर एक ठेवायला सांगितलं. झील एकदम भरली. आठ पोरांची चोवीस झाली. काका म्हणाले, पोरगी कामाला आली.

आप्पाकाकांची तबकडी आता माझ्याकडे असते. पुठ्ठ्याचं कवच नाही, जुन्या पंच्याची पिशवी शिवली आहे. दोनदा-तीनदा धुऊनही पहिल्या बाजूच्या सुरुवातीचा एक कट् आवाज गेला नाही. कारण शोधलं तेव्हा हसू आलं. नदीच्या गाळातले कण नेमके घळीत बसतील एवढेच असतात, काही तिच्याहून बारीक, काही अगदी तिच्या रुंदीचे. सावित्रीनं वरंध्याकडून, महाबळेश्वराकडून आणलेल्या दगडाचा एक कण तिथे रुतून बसला आहे. सुई त्याच्यावरून जाते आणि कट् होतं, मग तबकडीचा एक वेढा, कट्, परत एक वेढा. एक पूर्णांक आठ दशांश सेकंदाचा नेम.

भाची सुट्टीला आली की हटकून ती बाजू लावते. निवेदन सुरू होतं आणि ती बोटांवर मोजत बसते. एका जागी रुतलेला कण शेजारच्या एक-दोन वेढ्यांच्या भिंतीही थोड्या दाबतो, म्हणून आवाज आधी बारीक येतो, मग मोठा, मग पुन्हा बारीक. तिच्या मोजणीनं पाच कट्. सहाव्याला ती मान वर करून बघते. सहावा येत नाही.